दुपारचा पुकारा

दादाजींचं नाव पाळण्यातच दादाजी ठेवलं होतं. त्यामुळे आजोबा व्हायच्या कितीतरी आधीपासून सारी वस्ती त्यांना दादाजी म्हणत आली. आता वय एकाहत्तर. पोस्टातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या पोस्टाशी वस्तीला काही देणंघेणं नव्हतं. वस्ती ओळखायची ती त्यांच्या आवाजाला. विहाराच्या माईकवरून गेली तीस वर्षं जो काही पुकारा झाला तो दादाजींच्याच तोंडून झाला. आवाज जाड, चाल सावकाश, आणि दर तीन शब्दांनंतर एक थांबा. पोरं नक्कल करायची, पण थांबा कुठे घ्यायचा ते एकालाही साधलं नाही.

उत्तर नागपुरातल्या त्या वस्तीत पुकाऱ्याच्या वेळा ठरून गेलेल्या होत्या. वंदनेचा पुकारा सकाळी. पौर्णिमेचा, जयंतीचा संध्याकाळी, माणसं कामावरून आल्यावर. आणि भरदुपारी माईक खरखरला तर समजायचं की कोणीतरी गेलं. निधनाची बातमी इतर वेळीही यायची, पण दुपारच्या वेळेला दुसरी कुठली बातमी कधी आलीच नव्हती. हा नियम कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही. तरी दुपारी आवाज आला की बायका गॅस बंद करून दारात येतात आणि ट्रंकेतली पांढरी साडी आठवतात.

गंमत अशी की हा नियम ज्यांच्या आवाजाने पडला त्या दादाजींनाच तो ठाऊक नव्हता. माईकच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला भोंग्यासमोर काय होतं ते कसं दिसणार? त्यांच्या लेखी पुकारा म्हणजे पुकारा. कागद घ्यायचा, वाचायचा, दोनदा वाचायचा, बटण बंद करायचं.

त्या मार्चअखेरीस दादाजींचा जीव टांगणीला लागला होता तो मात्र पुकाऱ्यापायी नाही, शाळेपायी. त्यांच्या घरापासून दीडशे पावलांवर सरकारी मराठी शाळा होती. दीडशे हा आकडा त्यांची नात मेघा हिने स्वतः मोजला होता. मेघा तिसरीत. तिचे आई-बाप, म्हणजे दादाजींचा मुलगा संघपाल आणि सून प्रीती, दोघंही नागपूरबाहेर लांब बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला, तिथेच खोली करून राहायचे. दोघांच्या शिफ्टचा मेळ बसत नाही म्हणून पोरगी आजोबांकडे. शाळा दाराशी, म्हणून हे सारं जमत होतं. दादाजींच्या गुडघ्यांना दीडशे पावलं झेपायची, आणि घरात बायको नसल्याची जी सहा वर्षांची शांतता होती ती मेघाच्या तोंडाने भरून निघायची. पोरगी झोपेतही बडबडायची.

पण शाळेत मुलं उरली होती सतरा. एवढ्या मुलांसाठी शाळा चालवायची नाही, ती रेल्वेलाइनपलीकडच्या शाळेत मिळवून टाकायची, असं वरच्या ऑफिसातून आलं होतं. लाइनपलीकडे म्हणजे फाटक, मोठा रस्ता आणि ट्रक. संघपालने सरळ सांगितलं होतं, "बाबा, शाळा बंद झाली त मेघाले मी घेऊन जातो. तुमच्यानं तिले लाइनपार नेणं होत नाही." बोलून थांबला नाही. बुटीबोरीच्या शाळेचा फॉर्म आणून, भरून, मेघाचा फोटो चिकटवून दादाजींच्याच लोखंडी पेटीत ठेवून गेला. फक्त सही राहिली होती. दादाजी पेटी उघडायचे तेव्हा फोटोतली मेघा त्यांच्याकडे बघायची. त्यांनी पेटी उघडणंच सोडून दिलं.

एक आशा होती. मुख्याध्यापिका चारुशीला मॅडमनी कुठूनसा एक अर्ज केला होता, पुण्याच्या एका फाउंडेशनकडे. ते लोक शहरातल्या सरकारी शाळांना अनुदान देत. एक जास्तीची शिक्षिका देत, दुरुस्ती करून देत, आणि त्यांनी हात धरलेली शाळा वरचं ऑफिस सहसा बंद करत नसे. अट मात्र एक होती, लोकसहभाग.

"लोकसहभाग म्हणजे नेमकं काय करायचं असते मॅडम?" दादाजींनी विचारलं होतं.

"वस्तीनं शाळेत यायचं. आपली शाळा म्हणून बोलायचं. समाज शाळेशी जोडलेला दिसला पाहिजे त्यांना."

"जोडलेला म्हणजे कसा?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मलाही नीट समजलं नाही हो. फॉर्ममध्ये तसं लिहिलं आहे."

दोघांनीही मान हलवली आणि विषय तिथेच राहिला. शिकलेली माणसं एकमेकांसमोर न समजल्याचं कबूल करतात हीच मोठी गोष्ट.

फाउंडेशनची माणसं सोमवारी येणार होती. त्यासाठी घरोघरी चिठ्ठ्या वाटायचं ठरलं होतं. आणि गुरुवारी दुपारी एकला मॅडम धापा टाकत दादाजींच्या दारात उभ्या. पुण्याच्या बाई आजच येत होत्या, संध्याकाळी पाचला. सोमवारचं त्यांचं काहीतरी फिसकटलं होतं, आणि उद्या सकाळी त्या परतणार होत्या. आज नाही तर नाही.

"चार तासांत माणसं कुठून आणू दादाजी? मागच्या पालकसभेला पाच बाया आल्या होत्या. त्यातल्या दोघी खिचडी शिजवणाऱ्या." मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"माईक आहे ना," दादाजी म्हणाले.

अंगात गंजी होती, त्यावर शेजारी वाळत घातलेला धुवट सदरा चढवून ते निघाले. फोन खुंटीवरच्या कालच्या शर्टाच्या खिशात राहिला. विहारात पोचून बटण दाबलं तेव्हा दीड वाजत होता. मॅडमचा कागद हातात होता, पण चष्मा फोनच्या सोबतीला राहिला होता, म्हणून जे आठवलं ते बोलले. सर्व उपासक-उपासिकांना कळविण्यात येते की. थांबा. आज सायंकाळी पाच वाजता. थांबा. आपल्या शाळेच्या पटांगणात. थांबा. लोकसहभागाचा मेळावा आहे, सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे ही नम्र विनंती. दोनदा बोलले. बटण बंद केलं. आपण चोख काम केलं अशा समाधानात घरी येऊन पंख्याखाली आडवे झाले.

वस्तीत कूलर सुरू झाले होते. कूलरच्या घरघरीत पुकाऱ्यातले शब्द कुणी ऐकत नाही. भरदुपारचा दादाजींचा आवाज, शाळा आणि पाच वाजता, एवढं कानावर पडलं की झालं. आवाज एकदा त्या वेळेला आला म्हणजे उरलेलं माणूस आपलं आपण भरून घेतो.

पावणेपाचला मेघाचा हात धरून दादाजी शाळेत गेले आणि फाटकातच त्यांचे पाय अडकले.

पटांगण भरलं होतं. पाच बाया नव्हेत, दोनशे माणसं असतील. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, सतरंजी पुरली नाही म्हणून कित्येक जण मातीतच बसलेले. आणि सगळे पांढऱ्यात. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, कोणाच्या हातात फुलांचा पुडा, कोणाच्या हातात मेणबत्त्यांची पाकिटं. आवाज नाही. रडकं पोरसुद्धा आईच्या पदरात तोंड खुपसून गप्प होतं.

दादाजींना आधी आनंद झाला. मग आनंदाच्या मागोमाग शंका आली. आज पौर्णिमा आहे का? नाही. मग ही माणसं एवढी नटून, म्हणजे न नटून, कशाला आली?

शाळेत खिचडी शिजवणारी कौसल्या लगबगीने जवळ आली. तीही पांढऱ्या साडीत. पदर तोंडाशी धरून तिने हळूच विचारलं, "भाऊ, कोण गेलं गा?"

"कोण गेलं म्हणजे? कुठं गेलं?"

"तुमीच त पुकारा केला ना! कोणी म्हणते केशव गुरुजी गेले. कोणी म्हणते नळाच्या गल्लीतली म्हातारी. मी म्हटलं जाऊन पाहू, लोकाइले इचारनं बरं दिसत नाही."

दादाजींच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला, आणि पडला तेव्हा त्यांना वाटलं, नसता पडला तर बरं. तीस वर्षांत त्यांच्या माईकवरून एक बातमी खोटी गेली नव्हती. आणि आज अख्खी वस्ती कामधंदा टाकून मयतीला येऊन बसली होती, आणि मयतच नव्हती.

त्यांनी मॅडमना व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, घोळ झाला. ह्या लोकाइले वाटून राहिलं की कोणी मेलं. मी आत्ताच सांगून देतो."

"नाही!" मॅडमनी त्यांचं मनगट धरलं. एरवी अशा बाई नाहीत त्या. "बसले आहेत ना, बसू द्या. सांगितलं तर उठून जातील सगळे. बघा, त्या आल्या."

फाटकात गाडी थांबली होती. फाउंडेशनच्या बाई उतरल्या. नाव ऋतुजा, वय फार तर तीस, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. त्या दोन पावलं आत आल्या आणि पटांगण पाहून जागीच थबकल्या. "मॅडम," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी बारा शहरं फिरले. अशी शिस्त कुठे पाहिली नाही. हा पोशाख तुम्ही ठरवलात?"

चारुशीला मॅडम हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पाणी आणायला सांगून त्यांनी वेळ मारून नेली.

दादाजींना माईकजवळच्या खुर्चीवर बसवलं. आपण काय करावं हे त्यांना कळेना. गप्प बसावं तर दोनशे माणसांना फसवल्यासारखं होतं, आणि बोलावं तर मेघा जाते. मेघा पहिल्या रांगेत मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगत होती. तेवढीच एक त्या शांततेत बोलत होती. त्यांनी तोंड मिटून घेतलं.

मॅडम उभ्या राहिल्या. घसा खाकरून म्हणाल्या, "आपली ही शाळा अडुसष्ट वर्षांपासून या वस्तीत आहे. आपल्या किती पिढ्या इथं शिकल्या. आता ही शाळा जूनपासून राहील की नाही, सांगता येत नाही. त्यासाठीच आज आपण सगळे जमलो आहोत."

आणि दादाजींनी पाहिलं, पुढच्या रांगेतून मागच्या रांगेपर्यंत एक कुजबुज सरकत गेली. शाळा. शाळा गेली म्हणते. माणसांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. कोण गेलं ते एकदाचं कळलं. मग कौसल्याने डोळ्याला पदर लावला आणि तिच्या शेजारणीनेही लावला.

ऋतुजाबाईंनी हात जोडले. "मोकळेपणाने बोला. शाळेबद्दल तुम्हाला जे वाटतं ते ऐकायलाच मी आले आहे."

आदरांजलीच्या सभेत बोलायला वस्तीला कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या उठल्या सिंधूताई. कमाल चौकात भाजी विकणारी ही बाई एरवी गिऱ्हाइकालाही दोन शब्द जास्त ऐकवणारी, पण आता आवाज कापत होता. "ह्या शाळेनं मले सही शिकवली. आज ब्यांकेत मी अंगठा देत नाही. तिचे उपकार मी कसे फेडू?" बसल्या आणि रडल्या.

मग ऑटो चालवणारा श्रावण. "पुराच्या साली आमचं घर वाहून गेलं, तवा आठ दिवस आमी ह्याच शाळेत झोपलो. माह्यं लग्नही ह्याच पटांगणात लागलं. शाळेनं कधी कोणाले नाही म्हटलं नाही."

मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले आणि म्हणाले, "स्वभाव लय शांत होता तिचा. कधी कोणाले तरास देल्ला नाही."

दहा जण बोलले, पंधरा जण बोलले. सगळ्यांचे शब्द मायेचे. शाळेचं कडुनिंबाचं झाड, शाळेची घंटा, पंधरा ऑगस्टची बुंदी. ऋतुजाबाईंचे डोळे भरून आले होते, मॅडमचेही. दादाजींनाही वाटायला लागलं की झालं, चुकून का होईना, काम झालं.

तेवढ्यात ऋतुजाबाई मॅडमकडे वाकल्या. खुर्ची जवळ असल्यामुळे दादाजींना सगळं ऐकू आलं. "फार सुंदर, मॅडम. पण माझी पंचाईत झाली आहे. फॉर्मचं तिसरं पान गरजांचं आहे, अडचणी आणि मागण्या. इतक्या लोकांत एकाने एक अडचण सांगितली नाही. सगळे समाधानी आहेत. आमचं अनुदान जिथे गरज आहे तिथेच देता येतं. हे पान कोरं गेलं तर..."

मॅडमचा चेहरा पडला. दादाजी मात्र पुरते चक्रावले. गरज नाही? तीन खोल्यांपैकी एकीचं छत गळत होतं, संडासाला दार नव्हतं, चार वर्गांना मिळून दोन मास्तर होते, आणि हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. मग कोणी बोलत का नव्हतं?

आणि मग त्यांना उमगलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कोण बोलेल? ते स्वतः किती सभांना बसले होते. दारू पिऊन बायकोला मारणारा गेला तरी सभेत तो मनमिळाऊच असतो. वस्ती शाळेला निरोप देत होती. निरोपात संडासाचं दार काढायचं नसतं.

सांगावं तर माणसं उठून जाणार आणि फॉर्मचं लोकसहभागाचं पान रिकामं होणार. न सांगावं तर तिसरं पान कोरं राहणार. दोन्हीकडून मेघा जात होती. त्यांच्या डोक्यात नुसता गलका झाला. मग एकच गोष्ट शिल्लक राहिली, की हा पुकारा खोटा होता आणि तो त्यांनी केला होता. निस्तरायला दुसरं कोणी येणार नव्हतं. ते उठले. गुडघे वाजले. त्यांनी माईक हातात घेतला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून जे तीस वर्षं येत होतं तेच तोंडातून आलं.

"सर्व उपासक-उपासिकांना. कळविण्यात येते की. कोणीही गेलेलं नाही."

दोनशे तोंडं वर झाली.

"दुपारचा पुकारा मी केला. आज मयत नाही. मेळावा होता. दुपारच्या पुकाऱ्याचा असा अर्थ होते हे मले माहीत नव्हतं. चूक माझी आहे, मले माफ करा. अन् शाळा गेली नाही. शाळा जिवंत आहे. आजारी आहे, पण जिवंत आहे."

मग श्रावण उठला. "म्हंजे कोणीच नाही मेलं?"

"नाही."

"मंग मी दुपारपासून ऑटो काहून बंद ठेवला गा?"

कोणी हसलं, कोणी चिडलं. मागच्या रांगेतले पाच-सहा जण पँटची माती झटकून उभे राहिले. फुलांचा पुडा आणलेल्या बाईला त्या फुलांचं काय करावं कळेना. ऋतुजाबाई मॅडमकडे, मॅडम आकाशाकडे बघत होत्या. संपलं, दादाजींना वाटलं, सगळं संपलं.

"थांबा वं, बसा साऱ्या जणी!" सिंधूताईंचा आवाज. पदर कमरेला खोचून त्या उभ्या होत्या, आणि गळ्यातला कंप कुठल्या कुठे गेला होता. "मॅडम, शाळा जिवंत आहे ना? पक्कं?"

"आहे," मॅडम पुटपुटल्या.

"मंग त्या संडासाले दार काहून नाही? माह्या बहिणीची नात त्याच्यापायी शाळा सोडून बसली. मघापासून जिभेवर होतं, पण मेलेल्याचं वाईट बोलू नाही म्हणून मी गप्प होती!"

जणू सगळे ह्याचीच वाट पाहत होते. उभे राहिलेले पुन्हा बसले, बसलेले उभे राहिले. छत गळते. दुसरीच्या वर्गात पंखा आहे पण पातं नाही. पाण्याच्या टाकीत कबूतर पडलं होतं, कोणी काढलं नाही. गणिताचा मास्तर निवडणुकीच्या कामाले गेला तो वापसच आला नाही. इंग्रजी काहून शिकवत नाही? संध्याकाळी कुलूप काहून लावता, पोरं अभ्यासाले कुठं बसतीन? मघाचे ते काठीवाले गृहस्थही उठले आणि शाळेच्या शांत स्वभावाबद्दल म्हणाले, "शांत कायची? मास्तरच नाही त आवाज कोण करन?" कौसल्या तर स्वतः शाळेत कामाला, तिने खिचडीच्या तांदळातल्या खड्यांचं गाऱ्हाणं स्वतःच्याच तोंडाने मांडलं. ऋतुजाबाईंची बोटं टॅबवर पळत होती. तिसरं पान भरलं, जागा संपली, त्यांनी मॅडमकडून साधा कागद मागून घेतला.

मॅडमची मान खाली होती. त्यांना ओशाळं वाटत होतं की हायसं वाटत होतं, ते त्यांच्या त्यांनाच सांगता आलं नसतं. दादाजींची तीच गत. आपण शाळा वाचवली की बुडवली?

गलका ओसरल्यावर ऋतुजाबाई उभ्या राहिल्या. "शेवटचा एकच प्रश्न. जूनमध्ये आपलं मूल याच शाळेत असेल, असं किती जण सांगू शकतात? हात वर करा."

पटांगण पुन्हा गप्प झालं, आणि ही शांतता मघापेक्षा वाईट होती. माणसं एकमेकांकडे नाही, जमिनीकडे बघत होती. ज्यांनी शाळेसाठी डोळे पुसले आणि ज्यांनी तिची खरडपट्टी काढली, त्या सगळ्यांची पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून दूरच्या कॉन्व्हेंटला जात होती. सतरा मुलांचे पालकही गप्पच होते, शाळा राहते की जाते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मग एकेक नजर वळत वळत दादाजींवर येऊन थांबली. बोलावलं यांनी. शाळा जिवंत आहे म्हणाले ते हेच. आता हात वर करा.

दादाजींचा हात मांडीवरून हलेना. त्यांना पेटी दिसत होती, पेटीतला फॉर्म, फॉर्मवरचा फोटो. हात वर केला असता तर कोणी विचारायला येणार नव्हतं. पण आज एकदा, नकळत का होईना, ते वस्तीशी खोटं बोलले होते. आता जाणूनबुजून पुन्हा? पोरगी त्यांची नव्हती, संघपालची होती. त्यांनी मान खाली घातली. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"एक," ऋतुजाबाई म्हणाल्या.

दादाजींनी वर पाहिलं. सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या होत्या. फाटकात कारखान्याच्या निळ्या गणवेशात संघपाल उभा होता. घामाने थबथबलेला, धुळीने माखलेला. त्याचा उजवा हात वर होता आणि त्या हातात हेल्मेट तसंच होतं. तो ऋतुजाबाईंकडे बघत नव्हता. तो बापाकडे बघत होता.

"बाबा!" मेघा ओरडली आणि उठून धावली.

त्यानंतर श्रावणने हात वर केला. "धाकटा आहे माहा," तो जरा गुरकावूनच म्हणाला, "दार लावा संडासाले, मंग आणतो." मग आणखी एक बाई. मग सतरांपैकी दोघंतिघं, उशिरा आठवण झाल्यासारखी. ऋतुजाबाई मोजत होत्या. आकडा फार मोठा झाला नाही, पण एकावर थांबलाही नाही.

घरी जाताना दीडशे पावलं तिघांनी मिळून चालली. मेघा पुढे, हेल्मेट डोक्यात घालून.

"फोन काहून नाही उचलला?" संघपालने विचारलं. आवाज रागाचा होता.

"शर्टात राहिला."

"चौदा वेळा लावला. कारखान्यातल्या अंकुरले घरून फोन आला, त्यानं सांगतलं, तुमच्या वस्तीत दुपारचा पुकारा झाला, शाळेत पांढऱ्या कपड्यात माणसं जमली. अन् तुमी फोन उचलत नाही. मले वाटलं..." त्याने पालथ्या हाताने तोंडावरची धूळ पुसली. "बुटीबोरीपासून मले रस्ता दिसला नाही, बाबा."

"वेडा आहेस का गा? पुकारा मीच केला ना. मी गेलो असतो त पुकारा कोण करन?"

"मी कुठं ऐकला आवाज? मी त तिकडे होतो." एवढं बोलून तो भररस्त्यात रडायला लागला, चाळीशीचा माणूस. दादाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घरी गेल्यावर संघपालने पेटी उघडली, फॉर्म काढला, फोटो अलगद सोडवून भिंतीवरच्या आईच्या फोटोच्या चौकटीत खोचला, आणि फॉर्मचे चार तुकडे केले.

जूनमध्ये फाउंडेशनचं पत्र आलं. अनुदान मंजूर, सध्या एक वर्षासाठी, पुढचं पुढे बघू. मयतीचा घोळ समोर ऐकूनही पत्रात वस्तीच्या शिस्तीचं आणि शुभ्र पोशाखाचं कौतुक होतं, परखड मतांचंही होतं, आणि असा मेळावा दर महिन्याला घ्यावा अशी विनंती होती. हे अनुदान नेमकं कशासाठी मिळालं, पांढऱ्या साड्यांसाठी, रडण्यासाठी, भांडण्यासाठी की हेल्मेटसाठी, ते दादाजींना शेवटपर्यंत कळलं नाही. मॅडमनाही नाही. पण संडासाला दार लागलं, आणि हिरव्या दारावर पहिल्याच दिवशी कोणीतरी खडूने नाव लिहिलं.

मेळाव्याचा पुकारा कधी करायचा यावर मात्र खूप खल झाला. सकाळी माणसं घाईत, संध्याकाळी टीव्हीसमोर. शेवटी सिंधूताईच म्हणाल्या, दुपारीच करा, दुपारचा पुकारा सारे ऐकतात.

म्हणून आता महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी दीड वाजता विहाराचा माईक खरखरतो. बायका गॅस बंद करून दारात येतात. श्रावण ऑटो बाजूला घेतो. दादाजी घसा साफ करतात, शाळेच्या मधल्या सुट्टीत येऊन बाकावर बसलेल्या मेघाकडे बघतात, आणि तोच जाड, सावकाश आवाज वस्तीभर जातो. सर्व उपासक-उपासिकांना कळविण्यात येते की. थांबा.

"कोणीही गेलेलं नाही. पाच वाजता शाळेत या."